एक आवाज बाकी

“तू मुतवल्लीचा पणतू, शेहाताचा नातू आणि दसूकीचा मुलगा,” मी काउंटरच्या काचेवर बोट आपटून म्हणाले, “म्हणून सांगते. आधी हात धू, मग याला हात लाव.”

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. ती वळून बघायला लागली. एकतीस वर्षं कापडगिरणीच्या मागखात्यात काढल्यामुळे माझे कान तिथेच राहून गेले आहेत. मी बोलते ते मोठ्याने बोलते, आणि महल्ला शहरातल्या या गल्लीत मला काही दोनदा सांगावं लागत नाही. बहीग निमूटपणे उठला. मागच्या नळावर त्याने साबण लावून हात धुतले, अंगातल्या सदऱ्याला न पुसता कोरड्या फडक्याला पुसले, आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. बावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला माणूस शाळकरी पोरासारखा हात दाखवत उभा होता.

“आता द्या, हाज्जा.” म्हाताऱ्या बाईला इथे मानाने अशीच हाक मारतात.

मी रुमालाची गाठ सोडली आणि हेडफोन काचेवर ठेवला. काळा, मोठ्या वाट्यांचा, बिनतारेचा.

या चार पिढ्या याच एका अरुंद दुकानात बसल्या. मुतवल्ली स्टोव्ह दुरुस्त करी. माझ्या आईच्या स्टोव्हची पिन त्याच्याच हातची. शेहाताने रेडिओ उघडले. दसूकीने टेपरेकॉर्डर. बहीग फोन दुरुस्त करतो. दसूकीचं नाव निघालं की गल्लीतली माणसं “अल्लाची दया असो त्याच्यावर” असं म्हणतात, मेलेल्या माणसाविषयी म्हणायचं असतं तसं. मी म्हणत नसे. चाळीस वर्षं मी या दुकानाची पायरीही चढले नव्हते. का, ते सांगते. पण आधी हेडफोनचं.

“काय होतंय याला?” बहीगने विचारलं. तो माझ्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत बोलत होता. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

“माझ्या फोनला जोडला जात नाही.”

“कुणाचा आहे?”

“रिफअतचा.”

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हेडफोन उलटा-सुलटा करून बघत राहिला. रिफअत माझा एकुलता मुलगा. महल्ला ते तांता मिनीबस चालवायचा. दोन महिन्यांपूर्वी तांत्याच्या स्टँडवर गाडी भरत होती, तेव्हा त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. उतारूंना वाटलं, डुलकी काढतोय. ते पाच मिनिटं थांबले.

त्या दिवशी सकाळी त्याने मला फोनवर एक बोललेला निरोप पाठवला होता. एक्केचाळीस सेकंदांचा. मी मोलोखियाच्या भाजीची पानं निवडत होते, फोन आतल्या खोलीत होता. नंतर दुपार झाली, आणि मग घरात माणसंच माणसं. तो निरोप न ऐकलेला, निळ्या ठिपक्यासकट, तसाच माझ्या फोनमध्ये पडून होता. उघड्या फोनचा आवाज माझ्या कानांत पोचत नाही. हा हेडफोन मात्र पोचवतो. रिफअतने एकदा हसत हसत तो माझ्या डोक्यावर चढवला होता, आणि कित्येक वर्षांनी मी डफावर पडलेली थाप ऐकली होती. म्हणून त्याच्या वस्तूंपैकी तेवढी एक मी ठेवून घेतली.

बाजूला उभी असलेली उम्म गरीब, म्हणजे गरीब नावाच्या पोराची आई, माझी समोरची शेजारीण, पुढे सरसावली. “अहो हाज्जा, त्यात एवढं काय! फोनचा आवाज मोठा करून लावा. आम्ही ऐकतो आणि तुम्हाला सांगतो ना, काय म्हणाला ते!”

बहीगची मान खाली गेली. टकलापर्यंत लाल झाला तो.

उम्म गरीब या गल्लीत नंतर लग्न होऊन आली, तिला काय ठाऊक. माझे यजमान मुनीर इराकात एका वीटभट्टीवर मुकादम होते. त्या काळी परदेशी गेलेली माणसं पत्रांऐवजी कॅसेटवर बोलून पाठवत. शेवटची कॅसेट माझ्या हाती आली ती ते गेल्याची खबर आल्यानंतर नवव्या दिवशी. फीत गुंतली होती. मी ती दसूकीकडे दिली. त्याने ती सोडवली, सरळ केली आणि नीट वाजते का बघायला दुकानातल्या मोठ्या यंत्रावर पूर्ण आवाजात लावली. बाजाराचा दिवस होता. अकरा माणसांनी माझ्या नवऱ्याचं माझ्याशी बोलणं उभ्याने ऐकलं. एकजण हसला म्हणे. एका बाईने डोळे पुसले म्हणे. मग दसूकीने फीत मागे न्यायला म्हणून बटण दाबलं, आणि दाबलं ते रेकॉर्डचं लाल बटण. लक्षात येईपर्यंत अख्खी बाजू पुसली गेली होती. मी घरी आणून ती कॅसेट लावली, तेव्हा तिच्यात कुणीतरी बॅटरीचे सेल मागत होतं.

त्या अकराजणांनी मला अकरा गोष्टी सांगितल्या. एकही दुसरीशी जुळत नव्हती.

दसूकीने तीनदा माफीचा निरोप पाठवला. मी तिन्ही वेळा दार लावून घेतलं. पुढे तो गेला. मशिदीत जनाज्याची नमाज झाली, आणि रीतीप्रमाणे मुलगा पायरीवर उभा राहून म्हणाला, “माझ्या वडिलांकडे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर आता मागा, नाहीतर माफ करा.” असं कुणी मागत नसतं. बायका तर फाटकाबाहेर उभ्या असतात, त्या बोलतही नाहीत. मी बोलले. “माझा एक आवाज बाकी आहे.” तेवीस वर्षांचा होता बहीग. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “माझ्यावर.” मग त्यांनी जनाजा उचलला.

म्हणून हेडफोन घेऊन मी दुसऱ्या कुठल्या दुकानात गेले नाही.

“उम्म गरीब,” बहीग खाली मान घालूनच म्हणाला, “तुमचा चार्जर उद्या मिळेल. आता जा.”

त्याने मला स्टुलावर बसवलं आणि हेडफोनच्या वाटीवरचं बटण दाबून धरलं. “हे बघा, सात आकडे मोजेपर्यंत सोडायचं नाही. दिवा लाल-निळा, लाल-निळा व्हायला लागला की तो जोडीदार शोधतोय म्हणायचं. आता तुमच्या फोनमध्ये या यादीत त्याचं नाव आलं. याच्यावर बोट ठेवा. तुम्हीच ठेवा.”

मी ठेवलं. हेडफोन माझ्या डोक्यावर होता; आतून एक परदेशी बाई काहीतरी म्हणाली. जोडलं गेलं, असं ती म्हणते, बहीगने सांगितलं. मग त्याने माझ्या फोनवर स्वतःकडचं एक ध्वनिमुद्रण पाठवलं आणि लावलं. माझ्या दोन्ही कानांत बहीग एक ते दहा मोजत होता, सावकाश, वर्गात मोजतात तसा.

“हे काय?”

“परीक्षेसाठी आहे, हाज्जा. माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या फोनमधलं काही वाजत नाही. कुणाचंच नाही. माझंच मोजणं लावून बघतो.” मग तो म्हणाला, “आता तुमचा निरोप लागेल. इथेच ऐकता का? सगळ्यांना बाहेर काढतो, शटर ओढतो, मीही बाहेर उभा राहतो.”

“बाजारात बसून मी माझ्या मुलाला ऐकणार नाही.”

“मग घरी आधी माझं मोजणं लावा. ते कानात आलं तरच पुढचं बटण दाबा. नाही आलं, तर दाबू नका. नाहीतर निरोप बाहेर, सगळ्यांना ऐकू जाईल.”

घरी मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. अंगावरचे कपडेही बदलले होते, हसू नका. हेडफोन चढवला, परदेशी बाई बोलली, मी मोजणं लावलं. कानात काही आलं नाही. फोन तळहातात थरथरत होता, म्हणजे आवाज बाहेर सांडत होता. मी घाईघाईने बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. बाई म्हणे जोडलं, आणि कानात नुसती पोकळी. पण ती रिकाम्या खोलीची पोकळी नव्हती. दाराआड कुणीतरी श्वास रोखून उभं असावं, तशी होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो पहिल्या झटक्यात जोडला गेला. बहीगने यादीतून नाव काढून टाकलं, नव्याने जोडलं, मला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं, परत बोलावलं. त्याचं मोजणं एकदाही तुटलं नाही.

“दुकानात शहाण्यासारखा वागतो आणि घरी मात्र हट्टीपणा करतो. असं का?” मी विचारलं.

“अशाला एकच कारण असतं, हाज्जा. याच्या पोटात जुन्या फोनांची नावं असतात. चालू झाला की आधी ओळखीच्या फोनला शोधतो. तो दहा-पंधरा पावलांत सापडला की त्यालाच बिलगतो, मग तुमचा फोन कितीही हाका मारू दे.”

“रिफअतचा फोन इस्पितळात हरवला. अवातिफने स्वतः मला सांगितलं.” अवातिफ माझी सून. ती दोघं वरच्या मजल्यावर राहायची, मी खाली.

“हो का,” तो म्हणाला. मग बराच वेळ हेडफोनच्या वाटीवरची धूळ पुसत बसला. “एक उपाय आहे. त्याच्या पोटातली ती सगळी नावं पुसून टाकायची. मग तो कोरा होईल, आणि फक्त तुमचा.”

“पुसून टाकायची?” मी उभी राहिले. “दसूकीच्या मुलाने? माझ्या मुलाच्या वस्तूतलं?”

एवढंच म्हणाले. आणखी काही म्हणायची गरज नव्हती. त्याने हेडफोन रुमालात बांधून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

त्याच दिवशी, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेनंतर, मी पुन्हा खुर्चीत बसले. हेडफोन चढवला. बाई बोलली. मी फोनला हात लावण्याआधीच माझ्या कानांत माझा मुलगा म्हणाला:

“येताना पाव आणू का गं? आणि वांगी संपलीत की आहेत?”

मी हलले नाही. माझा फोन पलीकडे दिवाणावर, काळाठिक्कर पडलेला होता. खिडकीतून गाढवगाडीवाला जाताना दिसला. त्याचं तोंड ओरडण्यासाठी उघडं होतं आणि मला त्याचं काही ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होता फक्त रिफअत, मागे बसचं इंजिन, कुणाचा तरी खोकला, आणि मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला: “पुलाजवळ अडकलोय. तू जेवून घे, थांबू नकोस.” तिसऱ्या दिवशी नुसतं हसणं, लांबलचक, कुठल्या गोष्टीवर ते कळायला मार्ग नव्हता. चौथ्या दिवशी: “रागावलीस? बरं, मीच चुकलो. झालं समाधान?”

मी बहीगकडे गेले नाही. कुणाकडेच गेले नाही. इमामाला विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. रोज असरनंतर मी केस विंचरून, डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून खुर्चीत बसायची. वरून अवातिफ दुपारचं जेवण घेऊन आली की मी तिला लवकर परत पाठवायची. तिचे डोळे सुजलेले दिसायचे; मी म्हणायची, “रडणं पुरे आता. पाणी मार तोंडावर.” ती मान हलवून जिना चढून जायची.

माझ्याशी बोलताना माझ्या मुलाने असा स्वर कधी लावला नव्हता. मला तो “अम्मा” म्हणायचा, आणि या बोलण्यात एकदाही “अम्मा” येत नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं की नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. भुकेला माणूस ताट कुणाचं ते विचारत नाही.

एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी हेडफोन चढवला, बाई बोलली, आणि कुणी आलं नाही. मगरिबची, म्हणजे दिवस मावळायची, वेळ होत आली तरी मी बसून होते. शेवटी फोन उचलला आणि बहीगचं मोजणं लावलं. एक, दोन, तीन, चार. दोन्ही कानांत, काचेसारखं स्वच्छ.

वस्तू दुरुस्त झाली होती. पुढचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. मी ते दाबलं नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी त्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिले.

“काय केलंस?”

“सलाम, हाज्जा. बसा तरी.”

“काय केलंस ते सांग.”

“दुरुस्त केलं.” शटर अर्ध्यावर होतं; त्याने ते तसंच ठेवून मला आत घेतलं. “काल दुपारी केलं. आता जोडला जातोय ना? मोजणं आलं?”

“हेडफोन माझ्या घरात आणि दुरुस्त तू दुकानात बसून केलास?”

“दोष हेडफोनमध्ये नव्हता.”

“तो कुठे गेला?”

“कोण?”

“रिफअत!” मी ओरडले असावे, कारण रस्त्यावरून जाणारा पाववाला डोक्यावरची फळी सावरत थांबला. “एकोणीस दिवस तो माझ्याशी बोलत होता. काल तू त्याला घालवलास. तुझ्या बापाने एकाला घालवलं, तू दुसऱ्याला!”

बहीग खाली बसला. स्टुलावर बसायचं सोडून जमिनीवरच, खोक्यांमध्ये. मला वाटलं, त्याला भोवळ आली.

“तुम्ही ऐकत होतात?” त्याने विचारलं. “मला वाटलं, नुसती जोडणी अडतेय. आत बोलणं येतंय हे मला माहीत नव्हतं, हाज्जा. देवाशपथ, नव्हतं.”

“आता माहीत झालं. परत आण.”

त्याने चष्मा काढला. तो हळूहळू बोलला, आणि मी त्याच्या ओठांवरून डोळे हलवले नाहीत. “या हेडफोनला दुसऱ्या एका फोनने धरून ठेवलं होतं. तुमच्या घराच्या जवळच आहे तो. त्या फोनवर कुणी एखादा जुना निरोप लावला, की तो तुमच्या कानात पडायचा. आणि लावणाऱ्याला मात्र काही ऐकू यायचं नाही. ते माणूस काल माझ्याकडे आलं होतं. रडत. म्हणालं, रोज दुपारी फोन मुका होतो, आतला आवाज मेला की काय बघा. मी त्या फोनमधलं एक बटण बंद केलं. बाकी कशाला हात लावला नाही, काही पुसलं नाही.”

“कुणाचा फोन?”

“नाही सांगणार.”

“बहीग, मी विचारतेय.”

“तुम्ही विचारलंत तरी नाही. तुम्ही मला मशिदीच्या फाटकात पुन्हा उभं केलंत तरी नाही.” त्याचा आवाज कसा होता ते मला कळलं नाही, पण त्याने मान वर केली होती. “या दुकानातून एकदा कुणाचं तरी बोलणं भलत्या कानांत गेलं. माझा बाप शेवटपर्यंत धड जेवला नाही त्यापायी. माझ्याकडून दुसऱ्यांदा ते होणार नाही.”

लावणाऱ्याला मात्र काही ऐकू यायचं नाही. मी तिथे उभी होते आणि हे एकच वाक्य माझ्या डोक्यात मागासारखं खटखटत होतं. अकरा माणसं बाजारात उभी राहून माझ्या नवऱ्याचं बोलणं ऐकतात, आणि ज्या बाईसाठी ते बोलणं आहे तिच्यापर्यंत काहीच पोचत नाही. चाळीस वर्षं मी त्या अकराजणांच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. बारावी मी होते.

“फी किती झाली?” मी विचारलं.

“काही नाही.”

मी घरी आले आणि जिना चढले. गुडघे गेल्यापासून तीन वर्षं मी वर गेले नव्हते. बावीस पायऱ्या आहेत. प्रत्येकीवर दोन्ही पाय टेकवत गेले. अवातिफ दारातच होती, हातात ओलं फडकं.

“अम्मा! अहो तुम्ही वर कशाला? हाक मारायची ना, मी आले असते!”

“खुर्ची दे.” मी बसले. श्वास लागला होता. “त्याचा फोन कुठे आहे?”

तिच्या तोंडावरचा रंग उडाला. “कुठला... तो तर इस्पितळात...”

“मला ऐकू येत नाही, अवातिफ. दिसतं.”

ती वळली. मग स्वयंपाकघरात गेली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने तो बाहेर काढला आणि ओढणीआड धरला. मला दिला नाही. धरून ठेवला.

“तिसऱ्याच दिवशी तुम्ही सगळं वाटून टाकलंत,” ती म्हणाली. “कपडे, घड्याळ. चपलासुद्धा. मला एकदा विचारलं नाहीत. त्याने मला पाठवलेलं सगळं बोलणं आता यातच उरलंय. मला वाटलं, हाही कुणाला तरी द्याल.”

“दिला असता,” मी म्हणाले. ते खरं होतं.

“मग? खोटं बोलले, तर बोलले. मारा हवं तर.”

“गप्प बस आणि ऐक.” मी हे म्हणाले, आणि पुढचे शब्द मला सापडेनात. मागखात्यात एकशेवीस मागांवर मी हुकूम चालवला. तिथे या शब्दांची कधी गरज पडली नव्हती. “एकोणीस दिवस तू वर लावलेलं खाली माझ्या कानात येत होतं. तुझ्या नवऱ्याचं तुझ्याशी बोलणं. पहिल्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठाऊक करून घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.”

तिने तोंडावर हात ठेवला. “काय काय ऐकलंत?”

मी तिला सगळं सांगितलं. जे जसं आलं तसं, स्वतःचं काही न घालता. पुलाजवळची अडकलेली बस सांगितली, हसणं सांगितलं, रागावलीस का तेही सांगितलं. वांग्यांवर आल्यावर ती एकदम हसली, आणि हसता हसता ओढणीने नाक पुसायला लागली.

“आणली नव्हतीच त्याने त्या दिवशी वांगी! विचारलं एवढं आणि आला हात हलवत. म्हणून तर भांडण.”

“लहानपणापासून असाच विसराळू.”

“तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवला होता.”

“हो,” मी म्हणाले. मग म्हणाले, “हे तुझं देणं झालं माझ्यावर. माफ कर, नाहीतर ठेव. दोन्ही तुझ्या हातात आहे. मी चाळीस वर्षं ठेवलं एकाचं, म्हणून मला कळतं.”

“देणं-बिणं काय, अम्मा!” ती फोन तांदळाच्या डब्याशेजारी, उघड्यावर ठेवत म्हणाली. “बसा. चहा टाकते. उतरताना मी हात धरते. तुम्ही चढून आलात हेच नवल.”

चहा झाल्यावर मी खाली आले. दार लावलं. खुर्चीत बसले, आणि बहीगचं मोजणं लावलं, त्याने सांगितलं होतं तसं. दहापर्यंत ऐकलं. मग निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

एक्केचाळीस सेकंद. काय म्हणाला ते मी सांगणार नाही. एवढं सांगते, की ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड होतं. मध्ये कुठे तुटलं नाही, कुणी सेल मागितले नाहीत, आणि माझ्याआधी ते पृथ्वीवर कुणीही ऐकलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी मशिदीच्या फाटकात जाऊन उभी राहिले. जे चारचौघांत मागितलं, ते दुकानात जाऊन हळूच मिटवता येत नाही. नमाज सुटली. माणसं पायरीवर चपला घालायला गोळा झाली. मी फाटकाच्या दोन पावलं आत गेले.

“दसूकी, शेहाताचा मुलगा,” मी म्हणाले, “अल्लाची दया असो त्याच्यावर. त्याच्याकडे माझा एक आवाज बाकी होता. तो मला पोचला. पूर्ण पोचला. आता त्याच्यावर, किंवा त्याच्या मुलाबाळांवर, माझं काहीही देणं नाही. सगळ्यांनी ऐकलं ना?”

“अहो, पुलापलीकडेसुद्धा ऐकू गेलं, हाज्जा!” कुणीतरी म्हातारा म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले. ज्यांना ठाऊक होतं ते हसले नाहीत.

बहीग पायरीवर एका पायात बूट घालून उभा होता, दुसरा हातात. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून दुसरा बूट घातला, नाडी बांधली, सोडली, आणि पुन्हा बांधली. शुक्रवारच्या नमाजेनंतर त्याच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी असते. दुकानापुढे माणसं थांबलीही होती. उम्म गरीबने लांबूनच हात वर केला, “उस्ता बहीग! माझ्या चार्जरचं काय झालं?”

तो तिच्या शेजारून गेला. दुकानावरून गेला, कुलपाकडे न बघता. कालव्याशी पोचल्यावर त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, आणि पूल ओलांडून कब्रस्तानाच्या रस्त्याला लागला.